टाकीवरचा टिळा

गुडघे गेले म्हणून सुगंधाताईंनी इंजिन बसवलेली सायकल घेतली आणि तीच त्यांच्या पोटावर उठली. सुरू व्हायची, दहा मिनिटांत बंद पडायची. जेवणाच्या चाळीस डब्यांचे अकरा उरले होते. आज उशीर झाला तर तेही सुटणार होते.

डबे लटकलेली सायकल ढकलत त्या, ती जिथून घेतली त्या दुग्गेशेटांच्या दुकानात आल्या. शेटांनी ती लगेच सुरू केली. "चालतेय की! बाई, तुमच्या हातालाच गुण नाही," ते गिऱ्हाइकांसमोर ऐकवू लागले. त्यांचं व्याख्यान संपायच्या आत सायकल बंद पडली.

रडकुंडीला आलेल्या ताईंनी पेट्रोल बघायला झाकण फिरवलं, तशी टाकीनं सुस्सकन हवा ओढली. झाकणावरचं हवेचं बारीक भोक वाळलेल्या कुंकवानं बुजलं होतं; टाकीत हवा जाईना, म्हणून पेट्रोल इंजिनात उतरेना. विक्रीच्या दिवशी पूजा करून तो टिळा शेटांनीच लावला होता. ताईंनी पदराची पिन काढून भोक मोकळं केलं. सायकल सुरू झाली, ती बंद पडेचना.

"शेट, गुण असावा तर तुमच्या हाताला," त्या म्हणाल्या. "नुसतं बोट टेकवलंत, तर अख्खं इंजिन थंड."

मागची गिऱ्हाइकं आपापल्या सायकलींची झाकणं तपासायला बाहेर पडली.