बुधवारचं जेवण

“म्हणजे बाई, आपण त्यांच्या दारात जाऊन भीक मागायची. असंच ना?”

कृष्णाबाईंनी दोरा दातानं तोडला.

“असंच.”

मिहीरला वाटलं होतं, बाई चिडतील. निदान समजूत तरी काढतील. पुढची चार वाक्यं त्यानं ओठांवर आणून ठेवली होती. ती तिथंच राहिली.

बाई खडकेवाडीच्या शाळेच्या ओट्यावर बसून वह्या शिवत होत्या. मुलांनी गेल्या वर्षी अर्ध्यावर सोडलेल्या वह्यांची कोरी पानं काढायची, जुळवायची, दाभणानं भोकं पाडून शिवायची, वर पुठ्ठा चिकटवायचा. अशी वही तयार झाली की आतल्या कपाटात जायची. त्या कपाटाला कुलूप नव्हतं आणि राखणीला कुणी बसतही नव्हतं. लागेल त्यानं उचलावी. सरपंचाचा नातू तीच वही वापरायचा आणि मेंढक्याची मुलगीही तीच.

पैशापायी शाळा सुटली, असं पोर या शाळेनं बत्तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. कुणाची फी माफ झाली, कुणाला एस.टी.चा पास मिळाला, कुणाच्या पायात चपला कुठून आल्या, हे वर्गात कुणाला कळायचं नाही. अर्ज नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, देणगीदारासोबत फोटो तर नाहीच. शिकून गेलेली मुलं जमेल तसे पैसे पाठवायची, आणि बाई ते जिथं पोचायला हवेत तिथं पोचवायच्या.

पुण्यात कॉलेजात असताना मिहीरनं हे ऐकलं होतं. त्या रात्री त्याला झोप आली नव्हती. एम.एस्सी.चा निकाल लागला त्याच आठवड्यात तो पिशवी घेऊन खडकेवाडीला उतरला.

“मला तुमच्याकडून शिकायचंय,” तो म्हणाला होता.

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं होतं.

“विज्ञान शिकव. बुधवारी जेवायला जा.”

हे जेवायला जाणं म्हणजे या शाळेची रीत. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. इथं मास्तर जेवायचे. दर बुधवारी मधल्या सुट्टीत प्रत्येक शिक्षकानं आपल्या वाट्याच्या एकेका मुलाच्या घरी जायचं. हातात काही न्यायचं नाही. पानात पडेल ते खायचं. पाळीपाळीनं वर्षभरात सगळी घरं होत, आणि त्यात श्रीमंत-गरीब असा भेद नसे.

मिहीरला हीच एक गोष्ट पटली नव्हती.

“ज्यांच्या घरी दोन वेळची चूल पेटत नाही, त्यांची भाकरी पगारदार माणसानं खायची,” तो म्हणाला. “आणि वर म्हणायचं, आम्ही गरिबांसाठी शाळा चालवतो.”

“असं कोण म्हणतं?”

“म्हणजे… लोक म्हणतात.”

“मी नाही म्हणत.”

बाईंनी सुईत नवा दोरा ओवला. पहिल्याच खेपेला ओवला गेला. सत्तरीच्या बाईंचे डोळे मिहीरच्या डोळ्यांपेक्षा चांगले होते.

“शिक्षण हा हक्क आहे, बाई. त्याच्या बदल्यात कुणाच्या ताटातलं घ्यायचं नसतं.”

“बरोबर.”

“मग?”

“हक्काचं द्यायला गेलास. दारातूनच परत का आलास?”



…

झालं होतं ते असं.

आल्यानंतरच्या पहिल्याच बुधवारी त्याच्या वाट्याला सुगंधाचं घर आलं. सुगंधा धोत्रे, दहावीतली. आई यल्लूबाई पाट्या-वरवंट्यांना टाकी लावून द्यायची. झिजून गुळगुळीत झालेल्या दगडावर छिन्नीनं टोचे मारून तो पुन्हा वाटण्याजोगा करायची. गावाच्या टोकाला पत्र्याचं खोपट. मिहीर दारात उभा राहिला. आत टोपलीत दोन भाकरी दिसल्या. फक्त दोन. खाणारी तोंडंही दोनच.

“मावशी, तुम्ही जेवा,” तो म्हणाला. “मी डबा आणलाय.”

आणि तो वळला. लिंबाखाली बसून त्यानं डबा खाल्ला. जेवताना त्याचा ऊर भरून आला होता. आपण एका उपाशी घराचा घास वाचवला, असं त्याला वाटत होतं.

त्यानंतर दर बुधवारी तो डबा आणू लागला. कुणाच्याच घरी गेला नाही.

पहिला पगार झाला तसा त्यानं सुगंधासाठी नवा गणवेश घेतला, तिची परीक्षेची फी भरली. चारचौघांत दिलं नाही. वर्ग रिकामा झाल्यावर पिशवी तिच्या हातात ठेवली, एवढंच म्हणाला, “अभ्यास कर.” याहून हळुवारपणे कुणी काय द्यावं?

सोमवारी गणवेश त्याच्या टेबलावर होता. वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेला. वर फीची पावती. सुगंधा मात्र वर्गात नव्हती. मंगळवारीही आली नाही.

आज बुधवार. दहावीच्या अर्जाची मुदत संध्याकाळी पाचला संपत होती. सुगंधाचा अर्ज भरून तयार होता. राहिली होती फक्त तिची सही, आणि मुलाची सही मुलानंच करायची, यात बाई कुणाचं ऐकत नसत.

“काल मी पुन्हा गेलो होतो,” मिहीर म्हणाला. “यल्लूबाईंनी दार लावून घेतलं.”

“तू काय बोललास?”

“म्हटलं, संकोच करू नका. अजून काही लागलं तर सांगा.”

बाई हसल्या. आवाज न करता, खांदे हलवून.

“यात हसण्यासारखं काय आहे? पोरीचं वर्ष जाईल, बाई. वर्ष कसलं, शाळाच जाईल. घरी बसली की उन्हाळ्यात लग्न लावतील. आणि कशासाठी? तर ताठ्यापायी. गरिबाला एवढा ताठा परवडत नाही.”

“तुला परवडतो?”

मिहीरची कानशिलं तापली.

ओट्यापुढच्या मैदानात पाचवीची पोरं लंगडी खेळत होती. एक बाद झाला, तरी हटून आतच उभा राहिला. बाकीच्यांनी त्याला ढकलत रेषेबाहेर काढलं.

“आज डबा आणलायस?” बाईंनी विचारलं.

“हो.”

“बघू.”

त्यानं पिशवीतून डबा काढून दिला. पहाटे उठून केलेल्या तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, आंब्याचं लोणचं. बाईंनी सुई पुठ्ठ्यात खोचली, मांडीवर पदर पसरला आणि जेवायला सुरुवात केली.

मिहीर बघत राहिला.

बाई सावकाश जेवल्या. पहिली पोळी. दुसरी. तिसरी निम्मी झाली तेव्हा त्याला वाटलं, आता तरी विचारतील. बाईंनी उरलेल्या तुकड्यानं भाजीचं तेल पुसून घेतलं, लोणच्याची फोड चोखली, कोय बाजूला ठेवली.

“मीठ कमी टाकतोस,” त्या म्हणाल्या.

“बाई, माझं जेवण…”

“जा आता.”

“कुठं?”

“धोत्र्यांकडे.”

“रिकाम्या हातानं? काल मी पैसे घेऊन गेलो तर त्यांनी…”

बाईंनी डबा पालथा करून दाखवला. त्यातून काहीच पडलं नाही.

…

दीडचं ऊन होतं. वस्ती शाळेपासून मैलभर. खिशात सुगंधाचा अर्ज होता, बाकी काही नाही. वाटेत मिहीर बाईंवर चिडला, मग स्वतःवर चिडला, आणि मग चिडायलाही त्राण उरलं नाही, कारण पोटात कावळे ओरडायला लागले होते. सकाळपासून एका कपभर चहावर होता तो. काय बोलायचं ते मनात जुळवत होता, पण दर वेळी वाक्य अर्ध्यात तुटायचं आणि भाजीचा वास आठवायचा.

यल्लूबाई खोपटाबाहेर आडव्या पाट्यावर टोचे मारत होती. टक, टक, टक. त्याला पाहून तिनं हात थांबवला नाही.

“आज बी काय आणलंय जणू?”

“नाही.”

“मग?”

मिहीरनं तोंड उघडलं. जुळवलेल्यातलं एकही वाक्य आलं नाही.

“भूक लागलीय, मावशी. जेवायला आहे का काही?”

टकटक थांबली.

यल्लूबाईनं त्याच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच पाहत असावी तसं.

“आन् तुमचा डबा?”

“बाईंनी खाल्ला.”

“समदा?”

“लोणच्यासकट.”

तिनं पदर तोंडाला लावला. तरी हसू काही लपलं नाही. छिन्नी खाली ठेवून ती उठली, गुडघ्यावरची कपची झटकली.

“सुगे, मास्तरास्नी पाणी दे हात धुवायला,” तिनं आत हाक मारली. मग त्याला म्हणाली, “आमचं तिखट असतंय. त्या दिशी तर बघूनच पळाला.”

“त्या दिवशी मी…”

“जेवताना बोलू न्हाई, मास्तर.”

सुगंधानं तांब्या आणून दिला. कोपऱ्यात जाऊन पुन्हा पुस्तक घेऊन बसली.

पानात बाजरीची भाकरी पडली, वाटीत हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, शेजारी बुक्कीनं फोडलेला कांदा. मिहीरनं पहिला घास घेतला आणि त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. तिखट खरंच होतं.

भाकरी संपली. यल्लूबाईनं टोपलीतून दुसरी काढली. टोपली रिकामी झाली.

त्याचा हात पानावर थांबला. तोच जुना हिशेब डोक्यात वर आला…

“भाकरी मोजू नका,” यल्लूबाई म्हणाली. “खावा. पीठ हाय घरात, मी काय मेले न्हाई.”

तो जेवला. दुसरी भाकरीही संपवली. माडग्याची वाटी बोटानं पुसून घेतली. गेल्या महिन्याभरात त्याचं पोट असं कधी भरलं नव्हतं.

पाणी पिताना त्याची नजर कोपऱ्याकडे गेली. सुगंधा वाचत होती. पुस्तक नाकाला लागेल इतकं जवळ. ओळ संपली की पुस्तक नव्हे, मान सरकायची. दारातून एवढा लख्ख उजेड येत होता, तरी.

वर्गात ती पहिल्या बाकासाठी हटून बसायची. मिहीरला वाटायचं, काय हुशार पोर आहे, शिकायची केवढी ओढ.

तो काही बोलला नाही. जेवताना बोलायचं नसतं, हे त्याला आत्ताच कळलं होतं.

हात धुऊन तो उठला. यल्लूबाई स्वतःहून म्हणाली,

“कागद आणलाय?”

“आणलाय.”

“तुमी हितनं न जेवता गेला. मग आमी तुमचं कसं घ्यावं? फी शाळेला भरू द्या. शाळेचं आमाला चालतंय. बाई जेवल्यात हितं, दोन सालामागं. हितंच बसून, तुमी बसलाव तितं.”

सुगंधा जवळ आली. अर्ज डोळ्यांशी नेऊन तिनं वाचला, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. मग सही केली.

“सर,” ती म्हणाली, “तो गणवेश मला ढगळ व्हतोय. कपाटात ठेवा. कुणाला तरी बसंल.”

“ठेवतो.”

“आन् उद्या प्रकाशाचा धडा घेणार ना? माझा अर्धा बुडलाय.”

“पहिल्यापासून घेऊ.”

…

साडेतीनला तो शाळेत पोचला. पळतच आला होता. सही झालेला अर्ज लेखनिकाच्या हाती दिला, तो संगणकावर चढेपर्यंत तिथंच उभा राहिला आणि मग ओट्याकडे धावला.

बाई अजून वह्याच शिवत होत्या. बाजूला आठ-दहा वह्यांची चवड झाली होती.

“झालं बाई. अर्ज गेला.”

बाईंनी मान हलवली.

“आणि बाई, त्या मुलीला दिसत नाही. पुस्तक नाकाला लावून वाचते. महिनाभर मी फळ्यावर आकृत्या काढतोय आणि तिला त्या दिसतच नसणार. तुम्हाला माहीत होतं?”

“मला कसं माहीत असणार? या वर्षी ते घर तुझं होतं.”

मिहीर ओट्याच्या पायरीवर बसला.

तीन बुधवार… तीन घरं. त्या घरांत काय काय असेल, जे फक्त पानावर बसलेल्या माणसालाच दिसतं. आणि ही म्हातारी बत्तीस वर्षं दारोदार जेवत आली होती. कुठल्या पोराला चपला हव्यात, कुठल्या घरात कंदिलाची काच फुटलीय, कुणाचा बाप दोन महिने अंथरुणाला खिळलाय, हे तिला एकाही दाखल्याशिवाय कळत होतं. आपण मात्र तिला विचारत होतो, भीक का मागता म्हणून.

तो एकदम उठला.

“बाई, मी असं करतो. उद्या पहाटेच्या गाडीनं तिला तालुक्याला नेतो. डोळे तपासून घेतो, तिथंच चष्मा करायला टाकतो. पैशाचं मी बघतो, माझ्याकडे आहेत. आत्ताच जाऊन यल्लूबाईंना सांगून येऊ का?”

बाईंनी नवी वही मिटली. तळहातानं दाबून सपाट केली.

“आधी ती भाकरी तर जिरू दे.”