चकतीशिवायचा खेळ

“…आणि हा दुसरा, मेमे-ले? याच्यात तुम्हाला काय दिसतं?”

काठावर बसलेल्या अभिरामने विचारलं. मेमे पाल्दन लाकडी फावड्याने तळ्यावरचा भुरभुरीत बर्फ कडेला सारत राहिले.

लडाखमध्ये आजोबांना मेमे म्हणतात, आणि मान द्यायचा तर पुढे ‘ले’ जोडतात. गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या गोम्पातले, म्हणजे बौद्ध मठातले, हे म्हातारे लामा हिवाळाभर या गोठलेल्या तळ्यावर पोरांना आइस हॉकी शिकवत. अभिराम चांदोरकरही तरुणपणी इथेच शिकलेला. पुण्याचा पोरगा, बर्फावर पहिल्यांदा उभा राहिला तो मेमेंचं बोट धरून. पुढे मोठमोठ्या स्पर्धा खेळला, मग गुडघा गेला आणि खेळही सुटला. आता तो एका व्यावसायिक संघासाठी होतकरू पोरं हेरायचा. त्याची नजर चुकत नाही, असं लोक म्हणत. लोकांच्या आधी तो स्वतः म्हणे.

संघात एक जागा रिकामी होती. एकच. आणि गावात दोन पोरं त्या जागेकडे डोळे लावून बसली होती, थिनलेस आणि रिग्झिन. ज्याचं नाव लागेल तो बर्फ वितळायच्या आत गाव सोडणार होता. दुसऱ्याने उन्हाळ्यात पर्यटकांची ओझी वाहायची, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“थिनलेस बघा ना,” अभिराम म्हणाला. “काय वेग आहे! चकती काठीला चिकटवल्यासारखी. नुसता गोल मारत सुटतो पोरगा.”

“आणि रिग्झिन?”

“मेहनती आहे. पण अंगाने जड. सकाळपासून बघतोय, चकती त्याच्याकडे फिरकलीसुद्धा नाही फारशी. उगाच त्याला आशेला कशाला लावायचं?”

“खात्री आहे?”

“कामच आहे माझं ते, मेमे-ले.”

मेमेंचं फावडं थांबलं.

“गेल्या हिवाळ्यात नेलास तो नुर्बू. कसा आहे?”

“तो… तो टिकला नाही. खांदा निखळला, मग धीरच सुटला त्याचा. संघाने परत पाठवला.”

“ते मला माहीत आहे. मी विचारलं, कसा आहे?”

अभिरामकडून नुर्बूला फोन करायचा राहून गेला होता. आज करू, उद्या करू, असं करता करता कित्येक महिने उलटले होते. थंडी मघाशी होती तेवढीच होती, पण आता ती कानांना झोंबायला लागली.

मेमे पुन्हा बर्फ सारायला लागले.

तळ्यावर खेळ रंगात आला होता. थिनलेसने दोघांना चकवलं, तिसऱ्याला वळसा घातला. काठावरच्या बायाबापड्यांनी ओरडून तळं डोक्यावर घेतलं.

मेमे फावडं टाकून सरळ खेळाच्या मध्यात चालत गेले. पोरं बिचकून इकडेतिकडे झाली. म्हातारा वाकला, रबराची ती काळी चकती उचलली, अंगावरच्या लाल वस्त्राच्या घडीत टाकली आणि काठावर परत आला.

“खेळा,” म्हणाले.

पोरं एकमेकांची तोंडं बघू लागली.

“मेमे-ले, चकती?” थिनलेसने विचारलं.

“खेळा.”

कुणी हसलं. कुणी काठी हवेत फिरवून गोल केल्याचा आव आणला. थिनलेस एक फेरी मारून आला, मग दुसरी अर्ध्यात सोडली आणि काठीवर हनुवटी टेकून उभा राहिला. त्याचा काय दोष? ज्याच्यामागे पळायचं तेच म्हाताऱ्याने काखोटीला मारलेलं.

“मेमे-ले, संध्याकाळच्या आत मला लेहला पोचायचंय,” अभिराम जरा चिडूनच म्हणाला.

“बघ.”

अभिरामने पाहिलं.

रिग्झिन खेळत होता.

जोडीदार पुढे सरकला की रिग्झिन मागे येई. डावीकडे जागा मोकळी पडली की कुणी न सांगता तिथे जाऊन उभा राही. एक पोरगं घसरून आपटलं, तर जाता जाता त्याला कॉलरला धरून उठवलं आणि ते सावरेपर्यंत त्याची जागा राखली. त्याचं पाहून आणखी एकजण हलला, मग आणखी एक. हळूहळू त्या चकती नसलेल्या खेळाला आकार आला. पोरं धापा टाकायला लागली. समोरची बाजू कुठून चाल करणार ते आता अभिरामला दिसत होतं, आणि प्रत्येक वेळी रिग्झिन तिथे आधीच पोचलेला असे.

अभिराम कधी उठून उभा राहिला, त्याचं त्यालाच कळलं नाही. सकाळपासून आपण पोरांकडे बघतच नव्हतो. त्याला मनापासून लाज वाटली.

“मेमे-ले… चुकलो. रिग्झिनला नेतो.”

“खात्री झाली?”

“झाली.”

“मघाशीही होती.”



…

मेमेंनी टाळी वाजवून खेळ थांबवला. पोरं काठावर येऊन दगडांवर बसली. थिनलेसने स्केट्स काढायला घेतले होते.

“इकडे दे ते,” मेमे त्याला म्हणाले. ते दोन्ही स्केट्स त्यांनी अभिरामच्या पायाशी ठेवले. “घाल, नोनो.”

नोनो म्हणजे धाकटा भाऊ. कित्येक वर्षांत अभिरामला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती.

“मी? माझा गुडघा…”

“माहीत आहे.”

“मेमे-ले, खेळ सुटल्यापासून बर्फावर पाय ठेवलेला नाही मी. पडेन.”

“हं.”

“या सगळ्या पोरांसमोर?”

म्हातारा खाली बसला. स्केट्सची एकेक नाडी सैल करू लागला. अभिरामने घाईघाईने त्यांचे हात धरले.

“तुम्ही नका हो… घालतो मी. पण कशासाठी, एवढं तरी सांगा. निवड तर झाली. रिग्झिन माझ्याबरोबर येतोय.”

पोरांची कुजबुज थांबली होती. रिग्झिनही गुडघ्यांवर हात टेकून अभिरामकडे एकटक पाहत होता.

मेमेंनी आपले हात हलकेच सोडवून घेतले.

“त्याने अजून हो म्हटलेलं नाही. आता त्याला तुला बघू दे.”