भाकरी विकायची तर आपल्या जागेवर!

“उचला चुली! आत्ताच्या आत्ता!”

शिपायांनी भर बाजारात आरोळी ठोकली आणि गोजराच्या तव्यावरची भाकरी करपली. रणधीरराजांनी नौकाविहारासाठी तलाव बांधला, त्यात गोजराची कवठेवाडी बुडाली आणि गावच्या बायका पोरंबाळं घेऊन राजधानीत आल्या. भाकरी-भरीत विकून आत्ता कुठे दोन घास सुखाचे मिळू लागले होते. पण त्यांच्यापुढे गिऱ्हाइकांची झुंबड उडायला लागली, तसं शहरातल्या खानावळवाल्यांच्या पोटात दुखू लागलं! त्यांनी राजांचे कान भरले. आणि राजे एकदा ‘नाही’ म्हणाले, की ब्रह्मदेव आला तरी ‘नाही’च.

गोजरा तरातरा दरबारात गेली.

“माझ्या राज्यात धंदा करायचा, तर स्वतःच्या मालकीच्या जागेवर बसून!” राजे गरजले.

“आमची जागा तर तुमच्या तळ्यानं गिळली, महाराज!”

“ते मला सांगू नकोस. उद्या सूर्य मावळायच्या आत स्वतःच्या जागेवर बसून मला भाकरी विकून दाखव. मग बाजारातला मधला चौक तुम्हा सगळ्यांचा! नाही जमलं, तर शहर सोडायचं.”

खानावळवाले गालातल्या गालात हसले. गोजरा मात्र विचार करत निघाली. बाहेर ताटकळणाऱ्या बायकांना काय तोंड दाखवायचं? पायऱ्या उतरता उतरता तिची नजर तलावाकडे गेली. ती थबकली आणि चक्क हसली!

“गोजरे, याड लागलं का गं?” तिच्या जावेनं विचारलं.

“न्हाई वो जाऊबाई. एक होडी बघा, आन् वांगी चांगली मोठाली आना!”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ऊन असतानाच राजे दिवाणजींना घेऊन नावेतून फिरायला निघाले. तलावाच्या मध्यावर येताच भाजलेल्या वांग्याचा असा काही वास सुटला, की राजांच्या तोंडाला पाणी सुटलं. समोर एक होडी उभी, होडीत शेगडी, तव्यावर टम्म फुगलेली भाकरी! राजांनी नाणं फेकलं, भाकरी-भरीत घेतलं. पहिला घास तोंडात जातो न जातो, तोच ओळखीचा आवाज आला.

“गोड लागतीय न्हवं, महाराज? आता उद्यापासनं चौकात या खायाला!”

राजांना ठसकाच लागला. “तू! अगं, पण अट काय होती?”

“आपल्या जागेवर बसायची! म्या माज्याच अंगणात बसलीय की. त्यो बघा देवळाचा कळस, पान्याच्या वर आलाय. देवळाला लागून माजं घर. खाली बांबू घाला, तुळशीला लागंल!”

राजांनी दिवाणजींकडे पाहिलं. “ती जमीन आपण विकत घेतली होती ना?”

दिवाणजी पागोटं चाचपू लागले. “घ्यायची राहून गेली, महाराज. पाणी आधी आलं.”

पण राजे कसले ऐकतात! “असेल जमीन तुझी! पाणी तर माझं आहे, आणि तू बसलीयस माझ्या पाण्यावर!”

गोजरानं शांतपणे भाकरी उलटली.

“बरं. मग शिपाई लावा आन् तुमचं पानी माज्या अंगणातनं उचला, महाराज. म्या खाली उतरून बसते!”

 राजे असे हसू लागले, असे हसू लागले, की नाव डुलायला लागली आणि दिवाणजींनी घाबरून काठ घट्ट धरला.

“दिवाणजी, मधला चौक आजपासून या बायकांचा! आणि कवठेवाडीच्या जमिनीचं मोलही चुकतं करा, नाहीतर ही बाई मला खरंच पाणी उपसायला लावेल! गोजराबाई, आणखी एक भाकरी द्या.”

“देते की! पन तुळशीपाशी आलायसा, महाराज. आधी जोडे काढा!”