तमालिकेचं बंद दार

एका राज्यात, नाव मात्र माझ्या ध्यानात राहिलं नाही, तमालिका नावाची मांत्रिकीण होती. विद्या मोठी, पण बाई पार थकून गेलेली. का, ते ऐका.

राजा वीरबाहूच्या एकुलत्या एक मुलाने, मणिकेतूने, शापित खजिन्यात हात घातला आणि तो पायापासून दगड होऊ लागला. दगड रोज थोडा वर चढे. डोक्यापर्यंत पोचला की सगळं संपलं. उतारा एकच होता. मनातल्या मनात मंत्र म्हणत विणलेला शेला त्याच्या अंगावर घालायचा. मंत्राचं दिवसभराचं आवर्तन पुरं झालं की हात थांबवता येई, पण ते मध्येच तुटलं की विणलेलं सारं आपोआप उसवे.

आणि त्या राज्याची रीत अशी, की दारात हाक आली की आतून ओ द्यायचीच. ओ आली नाही तर आतलं माणूस गेलं असं समजून लोक तिथेच रडायला बसत. शेजारी तर लाकडं गोळा करायला धावत! त्यामुळे तमालिका विणायला बसे, कोणीतरी हाक मारी, ती ओ देई, आणि शेल्याचे पुन्हा धागे. एकीची गाय दूध देत नव्हती. प्रधानजींना मुहूर्त हवा होता. सगळ्यात जास्त खेपा खुद्द राजाच्या. काम कुठवर आलं एवढंच तो विचारी, आणि त्याच्या विचारण्यानेच ते पुन्हा मूळपदावर येई.

मग तिने दवंडी पिटवली, दारात दिवा जळतोय तोवर बाई कामात आहेत. लोकांनी दिवा पाहिला आणि म्हणाले, दिवा आहे म्हणजे बाई घरात आहेत, चला. गर्दी दुप्पट झाली.

मग तिने बोलका भारद्वाज दारावर बसवला. पण पक्षी निघाला भिडस्त. आल्यागेल्याला नाही म्हणवेना, म्हणून दर वेळी आत येऊन तोच विचारी, "तातडीचं आहे म्हणतात, सोडू का?" नुसता डोक्याला ताप.

दगड छातीशी आला, तेव्हा तमालिका दरबारात गेली. रागवायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"महाराज, दार बंद असेल तेव्हा हाक मारायची नाही. ओ आली नाही म्हणून रडायचं नाही. दिवस कलला की मी दार उघडून ओट्यावर बसेन. तेव्हा कोणीही यावं."

"आणि राजाने?"

"राजाने तर मुळीच हाक मारायची नाही."

लोक कुरकुरले, पण दिवस कलताना यायला लागले. शेला वाढू लागला.

एका दुपारी महालातून निरोप आला, दगड गळ्याशी पोचला, राजपुत्राची वाचा गेली. राजा अनवाणी धावत सुटला. दार बंद होतं. आत मागाचा आवाजही नव्हता. बाई गेली तर नसेल? त्याची मूठ दारापर्यंत पोचली आणि तिथून तशीच खाली आली. राजा पायरीवर बसला. हुंदका आत जाऊ नये म्हणून तोंडात उपरणं कोंबून रडला. मागून आलेले प्रधानजी ते बघून मुकाट्याने शेजारी बसले.

दिवस कलला. दार उघडलं. तमालिकेने काठाच्या शेवटच्या गाठी हाताने मारून पुरा केलेला शेला राजाच्या हातात दिला.

महालात तो राजपुत्राच्या अंगावर पडताच भिंतीचं लिंपण गळावं तसा दगड गळून पडला. खजिन्यावरचा शापही उतरला. मणिकेतू उठला तो तडक तिच्या घराकडे धावला, पाया पडायला. दार बंद होतं. त्याने हाक मारायला तोंड उघडलं, तोच राजाने मागून येऊन त्यावर हात ठेवला.

"गप्प. बाई झोपल्यात."

ज्या पोराचा आवाज ऐकायला राजा इतका रडला होता, त्याला त्याने स्वतःच गप्प केलं. मग बापलेक पाय न वाजवता माघारी गेले.