डोंगर ऐकणारा कानसाहेब

फार वर्षांपूर्वी, आपले पणजोबा अंगणात रांगत असतील नसतील तेव्हा, मुरुमखेडच्या मागच्या धुपडोंगरात सोनं सापडलं. एका धनगराला शेळीच्या खुरात पिवळा कण दिसला, असं म्हणतात. तो कण बघायला आधी पाटील आला, मग मामलेदार आला, आणि मग समुद्रापलीकडून एक कंपनीच आली. वर्षभरात डोंगराच्या उतारावर दुसरं गाव उभं राहिलं. तिथं धुराडं होतं, बाजार होता, पोस्ट होतं आणि लाल पत्र्याचं एक लहानसं प्रार्थनाघरही होतं.

त्या खाणीवर गोरी माणसं आली. गावाला वाटलं, गोरा म्हणजे इंग्रज. पण त्यांतली दहाबारा घरं वेगळी होती. ती वेल्स नावाच्या डोंगराळ मुलखातली. त्यांची भाषा वेगळी, गाणी वेगळी, आणि कुणी त्यांना इंग्रज म्हटलं की ती रागानं लाल होत. त्यांच्यातलाच एक होता ईवान प्राइस. जमिनीखाली लाकडाचे खांब रोवून छताला टेकू द्यायचे, हे त्याचं काम. अंगानं बुटका, मिशा झुपकेदार आणि कान हे एवढाले, सुपासारखे.

ईवानच्या बायकोचं नाव मार्गेड. ती हौशी बाई होती. पहिल्याच आठवड्यात ती घागर घेऊन गावच्या आडावर गेली आणि बायकांत बसून मराठी शिकली. घरी येऊन तीच मराठी तिनं नवऱ्याला शिकवली. त्यामुळं ईवान आयुष्यभर बायकांसारखं बोलला. "मी येते," म्हणायचा. "मी जेवले," म्हणायचा. डोंगर असो की पाणी, त्याच्या तोंडी सगळी ‘ती’च. गाव तोंडावर पदर धरून हसायचं, पण त्याला कुणी कधी सुधारलं नाही. ऐकायला गोड वाटायचं ना.

तर या ईवानची एक खोड होती. खाणीत उतरला की तो आधी दगडाला कान लावायचा. हाताच्या पेरानं टकटक करायचा, डोळे मिटायचा, आणि मग सांगायचा, इथं खांब लावा, तिथं नको. त्याला मुंग्यांची पावलं ऐकू यायची, असं म्हणतात. एकदा बाजारात बायजा परटीण त्याच्यासमोरून गेली, तर तो मार्गेडला म्हणाला, "हिच्या चालण्यात तीन जणांचा आवाज आहे." त्यानंतर पाचव्या महिन्यात बायजाला जुळं झालं. तेव्हापासून गावानं त्याचं नाव कानसाहेब ठेवलं.

मॅनेजरला मात्र ही खोड खपेना. एका सकाळी कानसाहेबानं तिसऱ्या बोगद्याला कान लावला आणि सगळ्यांना वर पाठवलं. मॅनेजर धावत आला. काम का थांबलं, म्हणाला. कानसाहेब खाणीच्या तोंडावर मांडी घालून बसला.

"डोंगर कुशीवर वळणार आहे," तो म्हणाला. "ती वळली की मी उठते."

मॅनेजर ओरडला, धमक्या दिल्या, नोकरीवरून काढीन म्हणाला. कानसाहेबानं पाइप पेटवला. तो पाइप संपायच्या आत आतून असा आवाज झाला की बाजारातली मडकी फुटली. तिसरा बोगदा आडवा झाला होता. आत एकही माणूस नव्हता. चाळीस घरांची चूल त्या दिवशी नेहमीसारखी पेटली, आणि त्यातल्या प्रत्येक घरून मार्गेडकडं काही ना काही खायला आलं. त्यानंतर कानसाहेबानं कान लावल्याशिवाय कुणी खाली उतरलं नाही. मॅनेजरसुद्धा नाही.

अशी अठरा वर्षं गेली. मग सोनं संपलं. कंपनीनं खाणीतलं पाणी उपसणारे पंप बंद केले, यंत्रं गाड्यांवर चढवली आणि ती निघून गेली. वेल्श घरं एकेक करून उठली. कुणी मायदेशी गेलं, कुणी दुसऱ्या खाणीवर. कानसाहेबाचीही पेटी बांधून झाली. बैलगाडी दाराशी उभी राहिली.

पण त्याच सकाळी गावातूनही गाड्या निघत होत्या. दोन वर्षं पाऊस झाला नव्हता. आड कोरडे पडले होते. बायका चार कोसांवरच्या नदीतून पाणी आणत होत्या, आणि आता नदीतही वाळूच उरली होती. गावानं ठरवलं होतं, उठायचं. मानाजी मुकादम, ज्यानं अठरा वर्षं कानसाहेबाच्या हाताखाली खांब रोवले, त्याची गाडी सगळ्यांत पुढं होती. गाडीत चार पोरी, एक जातं आणि कोंबड्यांचा खुराडा होता.

"कुठं चालला, मानाजी?" कानसाहेबानं विचारलं.

"पाणी असंल तिकडं, सायेब. आदी आमच्या आडाला बारमाही पाणी होतं. खाण झाली आन पाणी खाली गेलं. कुठं गेलं, देवाला ठाऊक."

कानसाहेबाला फार वाईट वाटलं. डोंगराला भोकं कंपनीनं पाडली होती, पण ती भोकं उघडी राहावीत म्हणून टेकू त्यानंच दिले होते. तो चालत डोंगराच्या पायथ्याशी गेला, उघड्या खडकावर आडवा झाला आणि त्यानं कान लावला. ऊन चढलं तरी तो उठेना. गाड्या थांबल्या. माणसं गोळा झाली. मार्गेड येऊन त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभी राहिली.

शेवटी तो उठला. कानाला खडकाचा लाल वळ उठला होता.

"पाणी गेली नाही," तो म्हणाला. "आत बसली आहे. सगळ्या खाणी भरल्या आहेत. डोंगराची घागर झाली आहे. इथून भोक पाडलं तर ती आपल्या पायांनी गावात येईल."

खाणीचं तोंड डोंगरावर उंच होतं, तिथून पाणी काढायला दोर पुरला नसता. पण पायथ्याकडून आडवा बोगदा खणला तर पाणी उतारानं वाहिलं असतं. हे मानाजीला कळलं. त्यानं आधी खुराडा खाली उतरवला, मग जातं. ते बघून मागच्या गाड्यांचेही बैल सुटले. कानसाहेबानं आपल्या दाराशी जाऊन गाडीवानाला परत पाठवलं. मार्गेडनं पेटी उघडली आणि भांडी मांडली.

चाळीस दिवस बोगदा खणला. पुरुष खणत, बायका माती ओढत. कंपनीनं टाकून दिलेली एक जुनी लोखंडी ट्रॉली होती, तिच्या रुळावरून दगड बाहेर येत. उरलंसुरलं पाणी ओंजळीनं वाटलं जाई. रोज सकाळी कानसाहेब दगडाला कान लावी आणि गाव त्याच्या तोंडाकडं बघत राही.

दहाव्या दिवशी तो म्हणाला, "झोपली आहे, श्वास घेते." विसाव्या दिवशी म्हणाला, "कुणी ताक घुसळतंय." पस्तिसाव्या दिवशी म्हणाला, "बाजार भरलाय." आणि चाळिसाव्या दिवशी त्यानं कान लावला आणि पटकन काढला.

"अडीच हात उरले," तो म्हणाला. "सगळ्यांनी बाहेर जायचं."

माणसं बाहेर गेली. मानाजी हलेना.

"शेवटचा घाव मी घालतो," मानाजी म्हणाला. "तुमी म्हातारं माणूस."

"तुला चार पोरी आहेत. जा."

"आन तुमाला?"

"माझी बायको बाहेर जेवण घेऊन बसली आहे. ती मला उशीर करू देत नाही. मी लगेच येते."

मानाजी बाहेर आला तो रडतच. बोगद्याच्या तोंडाशी सगळं गाव उभं होतं. मार्गेडनं भाकरीचं गाठोडं पदराखाली घेतलं. हो, ती लुगडं नेसायला लागून बरीच वर्षं झाली होती. मग ती आपल्या भाषेतलं प्रार्थनेचं गाणं गायला लागली. एक कडवं झालं. दुसरं झालं. आतून घणाचे ठोके येत होते. तिसऱ्या कडव्याला ठोके थांबले.

मग डोंगर हसला, असं म्हणतात. आधी गडगड, मग थंड वाऱ्याचा लोट, आणि मग पाणी. माणूसभर उंचीचं पाणी बोगद्यातून बाहेर फुटलं, आणि त्या पाण्याच्या शेंड्यावर ती लोखंडी ट्रॉली, आणि ट्रॉलीत कानसाहेब. डोक्यावर टोपी तशीच, तोंडात पाइप तसाच. लोखंड पाण्यावर कसं तरंगलं ते विचारू नका, पण बघणारे दोनशे जण होते. ट्रॉली रूळ सोडून ओढ्यात गेली, ओढ्यातून मळ्यात, मळ्यातून गावात, आणि थेट चावडीच्या पायरीला जाऊन टेकली. गाव मागून धावत आलं.

कानसाहेब उतरला, मिशा पिळल्या आणि म्हणाला, "मी आले."

दोन वर्षांत गाव एवढं हसलं नव्हतं. माणसं हसत होती आणि त्याच पाण्यात बसत होती, पोरं लोळत होती, म्हशी दावी तोडून आल्या होत्या. मार्गेड गर्दीतून वाट काढत पोचली. तिनं नवऱ्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि शुद्ध मुरुमखेडी मराठीत सांगितलं, "भाकरी गार झाली."

तो झरा पुढं कधी आटला नाही. नवराबायको मुरुमखेडलाच राहिले, आणखी तीस वर्षं. त्यांनी घेवडा लावला, दोन गाई पाळल्या. मानाजीच्या चारही पोरींच्या लग्नात मामा म्हणून अंतरपाटामागं कानसाहेबच उभा राहिला. ती दोघं गेली तीही पाठोपाठ. आधी मार्गेड गेली, आणि नवव्या दिवशी तो. त्यांच्या प्रार्थना म्हणायला त्यांच्या मुलखातलं कुणी उरलं नव्हतं. मग गावच्या भजनी मंडळानं टाळ घेतले आणि जे येत होतं ते म्हटलं. झऱ्याच्या वर, करंजाच्या झाडाखाली दोघांना शेजारी शेजारी पुरलं आणि वर एकेक दगड ठेवला.

आता ऐका, गाव आजही काय करतं. त्या दोन दगडांवर रोज सकाळी एक घागर पाणी पडतं. गावात पाळी आहे. आज या घराची, उद्या त्या घराची. कुणाकडं लग्न असो, सुतक असो, पाळी चुकत नाही. आणि मुरुमखेडला कुणी नवं राहायला आलं, की आधी त्याचं नाव पाळीत घालतात, मग बाकीचं विचारतात.

परवाच शाळेत एक नवीन मास्तरीण आली. सामान अजून बांधलेलंच होतं, तोवर शेजारची म्हातारी घागर घेऊन दारात उभी. झऱ्यावरच्या दोन दगडांवर पाणी घालायचं, म्हणाली.

"आजी, कुठला देव आहे हा?" मास्तरणीनं विचारलं.

"देव न्हाई, बाई," म्हातारी म्हणाली. "आमच्या गावचीच माणसं हायती. चल, आज तुझी पाळी."