धुरपाची कुदळ

लई वर्षं झाली. आपल्या सोनखोलात तेव्हा घरटी एक पानमळा होता. थंडीत पानवेल आखडते, म्हणून मार्गशीर्ष लागला की वेलाच्या मुळाला लोखंड लावायचं नाही, असा गावचा नेम. अवजारं महाशिवरात्रीपर्यंत निजायची, आणि त्यांना निजवायची धुरपा.

ही धुरपा कुठली, कुणाची, कुणालाच ठाऊक नाही. एका सालच्या उन्हात चालत आली आणि पाटाच्या कडेला राहिली, असं म्हणतात. गावाच्या कुदळी, खुरपी, विळे ती घ्यायची, विटकरीनं घासायची, उन्हात तापवायची, करंजेल चोळायची आणि कोरड्या राखेनं भरलेल्या रांजणांत पुरायची. बदल्यात काही मागायची नाही.

तेच बयजाला खुपायचं. फुकट कोण राबतं? बयजाचा मळा सगळ्यांत मोठा आणि संशय त्याहून मोठा. शेजारणीनं ताक दिलं तरी आधी मांजराला पाजून बघणारी बाई ती! तिला वाटायचं, कुदळ देते जड आणि येते हलकी. हिचं लोखंड जातं कुठं?

म्हणून एका साली तिनं कुदळीच्या दांड्यावर विळ्यानं खाच मारली आणि मग धुरपाकडं दिली. शिवरात्रीला कुदळ परत आली. दांडा गुळगुळीत. खाच नाही!

बयजानं गाव गोळा केलं. "बदलली! माझी कुदळ बदलली हिनं!"

धुरपा म्हणाली, "खाच हाताला लागंल म्हणून तासून काढली, बाय. कुदळ तुझीच हाय."

"अगं जा! मोठी आली हाताची काळजी करणारी!"

गावानं बयजाचं ऐकलं. गाव नेहमी मोठ्या आवाजाचंच ऐकतं. धुरपा एवढंच म्हणाली, "पुढल्या साली नका देऊ."

पुढल्या साली कुणी दिली नाहीत. बयजानं तर डोकं लढवलं. मीठ लोणचं टिकवतं, मग लोखंड का नाही टिकवणार? तिनं कुदळ मिठाच्या पोत्यात खुपसली, खोलीला कुलूप लावलं, किल्ली गळ्यात बांधली. तिचं बघून सगळ्यांनी तेच केलं. थंडीभर बयजा येता-जाता धुरपाच्या झोपडीकडं बघायची. आता बसली असंल रिकामी, म्हणायची.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशीच डोंगराची दरड पाटावर आली. पाणी तुटलं. उन्हात पानमळा चार दिवस तहानला की संपला. माणसं कुदळी काढायला धावली. पोत्यांतून काय निघालं? तांबडा भुगा! बयजानं पहिलाच घाव घातला आणि तिची कुदळ दांड्यातून निखळून दगडावर फुटली.

तिनं तुकडा उचलला. दांडा बसतो त्या भोकाच्या आतल्या अंगाला तीन टिंबं होती. तिच्या बापानं लोहाराकडून मारून घेतलेली. वर्षभर चोर चोर ओरडली, पण दांडा काढून बघायची बुद्धी झाली नव्हती.

कुदळ तिचीच होती.

बयजा धुरपाच्या दारी गेली. जाताना वाटेतही मनात होतंच, आता ही काय मागंल? दारात तिनं तुकडा पुढं केला.

धुरपानं तो बघितला. "मिठात ठेवलीस?"

"व्हय."

"लोणचं घालत हुतीस का?"

मग तिनं रांजणातून स्वतःची कुदळ काढली आणि एकटी दरडीवर चढली. तीन दिवस खणत होती, असं म्हणतात. खडक काकडीसारखा कापला जायचा, ठिणगी नाही की आवाज नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पाणी खळखळत मळ्यात शिरलं. बयजा भाकरी घेऊन गेली, तर काठावर कुदळ उभी आणि माणूस नाही. दांडा अजून ऊन होता. धुरपा परत कुणाला दिसली नाही.

ती कुदळ उभी होती तिथं आता चौथरा आहे. मार्गशीर्ष लागायच्या आदल्या दिवशी गाव अवजारं घासून, तेल लावून तिथल्या राखेच्या रांजणांत ठेवतं. कुलूप नाही, राखण नाही. पहिली कुदळ बयजाच्या घरची. त्या घरची सून सगळ्यांसमोर दांड्यावरून तळहात फिरवते आणि मोठ्यानं म्हणते, "धुरपाबाय, बघून घे. खाच मारलेली नाही."

मगच बाकीच्यांनी ठेवायची.