कावळ्याने विणलेलं घरटं

माणसांची वस्ती नव्हती तेव्हा एका रानात नियम होता. जो वादळात स्वतःच्या घरट्यात बसून दाखवेल, त्यालाच दुसऱ्याचं घरटं विणायची परवानगी मिळे.

अंडी घालायच्या घाईत मुनियाने दाणे देऊन कावळ्याकडून घरटं विणून घेतलं; त्याला परवानगी आहे का, हे विचारलंच नाही. घरटं कोसळलं, अंडी फुटली.

कावळा हसला, "मुनियाताई, मला परवानगीच नव्हती, मग जबाबदारी कसली? पंचांकडे गेलीस तर तुझंच हसं होईल."

लाज गिळून मुनिया पंचांकडे गेली. "मी विचारायला हवं होतं," ती पुटपुटली.

"तुझी चूक झाली, पण गुन्हा त्याचा आहे," पंचांमधला म्हातारा धनेश म्हणाला. "घेतलेले दाणे तो परत करील आणि यापुढे दुसऱ्याच्या घरट्यासाठी काडी उचलणार नाही."

तेव्हा मागच्या फांदीवरून साळुंकी पुढे आली. तिच्या चोचीत कावळ्यानेच विणलेल्या घरट्यातून पडलेल्या अंड्याचं जुनं कवच होतं. तिच्यामागे बुलबुल होती.